पुरावा पुरात गेला, मंत्रिमहोदय

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

परवा वृद्ध कलावंत मानधनाचा अर्ज घेऊन तिसऱ्यांदा कचेरीत गेले. माझं वय 68. खिडकीतला मुलगा नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, कलाकार असल्याचा पुरावा नाही." मागच्या खेपेला याच खिडकीवर एवढे कागद पुरेत, दोन महिन्यांत काम होईल, असं सांगितलं होतं.

मला राहवलं नाही. तिथंच उभ्या उभ्या माझ्या लोकनाट्यातल्या पाटलीणबाईचे संवाद म्हणून दाखवले. रांगेतली माणसं गप्प झाली. मुलगा म्हणाला, "तसं चालत नाही आजी, कागद लागतो."

कागद होते, साहेब. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी माळ्याला टेकलं. आठ दिवसांनी दार उघडलं तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली. वरचं प्लास्टिक सोलायला गेले, तर माझा चेहराच सोलून निघाला. खाली नऊवारीचा काठ तेवढा राहिला. तीस वर्षं लोकनाट्यं, पंधरा-वीस सिनेमे, सगळ्याचा लगदा. ज्या केशवराव भोसले नाट्यगृहात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, तेही 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. आमचे खेळ लावणारे कंत्राटदार वारले. आम्हाला करारपत्र कुणी दिलं होतं? नाइट, म्हणजे एका खेळाचे पैसे, हातावर पडायची, तीही कधी अर्धीच.

निळूभाऊ फुल्यांचं नाव तुम्ही भाषणात घेत असाल. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस तुटपुंज्या पगारातून राष्ट्र सेवा दलाला पैसे द्यायचा. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं, 1972 साली 'सखाराम बाइंडर' केलं, पुढं 'सामना', 'सिंहासन'. पडद्यावर त्यांना पाहून बायका शिव्या घालायच्या, इतकं खरं काम. तेच निळूभाऊ डॉ. श्रीराम लागूंबरोबर 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग घेऊन गावोगाव फिरले, सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, आणि त्यातून सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू झालं. नटांनी रंग लावून परक्यांच्या चुलीची सोय केली. मग एवढ्या मोठ्या सरकारला नटांची चूल का दिसत नाही?

आम्हा कलावंतांचं मानधन महिना 5 हजार. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, आणि मंजूर झालंच तर दरवर्षी हयातीचा दाखला. माझी निम्मी रक्कम गुडघ्याच्या औषधांनाच जाईल. ज्यांनी कधी विंग पाहिली नाही, त्यांची नावं यादीत लागलेली मी वाचली आहेत. त्यांना कागद कुठून मिळाले? तुमच्या राज्यात कागद करणारा जगतो आणि काम करणारा रांगेत उभा राहतो. रेशनला तेच, दवाखान्यात तेच. पुरस्काराच्या मंडपाला पैसे निघतात, जिवंत माणसाला निघत नाहीत.

पुरात ज्यांचे पुरावे गेले, त्यांच्यासाठी सोबत काम केलेल्या दोन कलाकारांची लेखी साक्ष ग्राह्य धरा. एवढा एक आदेश काढा. माझ्याबरोबरच्या दोघीच उरल्या आहेत, त्यातली एक अंथरुणाला खिळून आहे. ती आहे तोवर काढा.

सोमवारी मी पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहे.

आपली,
कोल्हापूरची एक कलावंत