एक... चार. खंबाटकीच्या पायथ्याशी भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडंच लिहितोय. खंबाटकी चढायच्या आधी चहाच्या टपरीसमोर बॉनेट वर करून उभी असलेली चंदेरी एस्टीम आठवते का? 2001 चं मॉडेल. चहाला थांबलो आणि नंतर गाडी उठेचना. सेल्फ मारून मारून बॅटरी दमली होती, पेट्रोलचा वास सुटला होता, आणि मी लेकीवर उगाच खेकसत होतो.

हे दुखणं तीन महिन्यांचं होतं. सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला उठायचं, गरम झालं की ओव्हर, म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन इंजिन उठेना. ॲव्हरेज बाराच्या वर जाईना. चेक इंजिनचा दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तो कनेक्टच होईना, तर निदान झालं की ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेलाय, बदला. मी घाबरून मोबाइलवर कोड दाखवणारा ब्लूटूथवाला डोंगल मागवला. त्याचा प्लग बसवायला गाडीत जागाच नाही हे घरी आल्यावर कळलं!

तुम्ही हसलात, पण वाईट नाही हसलात. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी, म्हणजे दोष सांगायची ठरावीक पद्धत, सक्तीची झाली ती 2010 नंतर, ही त्याच्या आधीची, हिची भाषा वेगळी, म्हणालात. मग कागदपत्रांच्या फाइलीतली यू-पिन काढून सरळ केलीत. ती लगेच कपलरमध्ये, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या प्लगमध्ये, खुपसली नाहीत, हे मला विशेष आठवतं. आधी मीटर लावून अर्थची पिन कुठली ते पाहिलंत. "चुकीच्या दोन जोडल्या तर मग खरंच ईसीएम बदलावा लागेल," म्हणालात. मग बरोबर दोन पिना यू-पिनने जोडल्यात, म्हणजे चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. चावी ऑन, इंजिन बंद. दिवा लुकलुकला. एकदा, जरा थांबून चारदा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. लेकीने पीयूसीच्या मागे लिहिलं: 14, 14, 14.

चौदा म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. मी लगेच विचारलं, कुठे मिळेल नवा? तुम्ही म्हणालात, "कोड म्हणजे नुसती फिर्याद. आरोपी अजून सापडायचाय."

आणि तुम्ही शोधलात. सेन्सरचा प्लग काढून मीटर लावला, गरम इंजिनावर तीनशेच्या आसपास ओहम. गार असताना, 20 अंशाला, हाच सेन्सर अडीच हजाराजवळ दाखवतो. तापला की विजेचा रोध उतरतो. म्हणजे सेन्सर धडधाकट. मग प्लगच्या आत टॉर्च मारलात. एका टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला. ईसीएम पाच व्होल्ट पाठवून किती खाली येतात त्यावरून तापमान ओळखतो. वाटेत गंज आला की व्होल्टेज उतरत नाही, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं इंजिन थंडीने काकडलंय, ओता पेट्रोल. तापलेल्या इंजिनाला थंडीचा खुराक! गंज पूर्ण आडवा आला की दिवा लागायचा, अर्धवट असला की दिवा बंद आणि पेट्रोल मात्र वाहतंच. तीन महिन्यांचं कोडं तिथे, टपरीच्या बाकावर उलगडलं.

पॉलिश पेपरचा कपटा, नोज प्लायरने टर्मिनल थोडं आवळणं, बॅटरीची निगेटिव्ह मिनिटभर काढून जुना कोड पुसणं. एवढंच केलंत. गाडी अर्ध्या सेल्फला उठली. जरा फिरवून आणायला लावलीत, मग पुन्हा यू-पिन. एक... दोन. एक... दोन. बारा म्हणजे सगळं ठीक, हे तुमच्या आधी लेक ओरडली, कारण तुम्ही तिला मघाशीच सांगून ठेवलं होतं.

पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोन घेतलात. खरं तर मीच उद्धटपणे वागलो होतो सुरुवातीला, "तुम्हाला पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांमधलं कळतं का?" असं विचारलं होतं. त्याबद्दल माफ करा.

परवा शेजाऱ्यांच्या झेनचा दिवा मी मोजला. 24 आला, स्पीड सेन्सर. सेन्सर मागवू नका, आधी प्लग बघू, असं मी सांगितलं आणि रविवारी मीटर घेऊन जाणार आहे.

आणि हो, तुमचा नोज प्लायर माझ्या डिकीत राहिलाय. लाल मूठ, एका बाजूला टेप गुंडाळलेली. पुढच्या महिन्यात गावी जाताना त्याच टपरीवर थांबेन आणि नसलात तर चहावाल्याकडे ठेवून जाईन.

तुमचा,
चंदेरी एस्टीमवाला