हयातीचा दाखला आणि एक खुर्ची

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर तोंडावर आला आहे. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना या महिन्यात बँकेत जाऊन, कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करून आपण हयात असल्याचे कळवावे लागते. मी स्वतः निवृत्त शिक्षक असून गेली ११ वर्षे हे काम न चुकता करीत आलो आहे, त्यामुळे त्यात लिहिण्यासारखे काही असेल असे कधी वाटले नव्हते. या वर्षी ते वाटले, आणि त्याला थायलंडमध्ये भेटलेले एक डच गृहस्थ कारण झाले.

जावयांची नोकरी थायलंडमधील हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी आहे. तिथे आम्ही उभयता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जवळपास दीड महिना राहून आलो. शेजारच्या घरात हे ७४ वर्षांचे विधुर गृहस्थ गेली ८ वर्षे भाड्याने राहतात. परदेशी माणसाला तिथे स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीनंतर राहण्याची परवानगी मिळते, परंतु त्यासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाट तरी दाखवावे लागतात, नाहीतर दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न तरी. ही परवानगी दरवर्षी १,९०० बाट भरून वाढवून घ्यायची, आणि शिवाय दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. स्वदेशातील रहिवाशांच्या नोंदीतून नाव कमी करून आल्यामुळे नेदरलँड्सचा आरोग्य विमाही संपला, म्हणून दवाखान्यासाठी काही रक्कम त्यांनी वेगळी ठेवली आहे. इतके सगळे सांभाळून ते तिथे समाधानाने का राहतात, हे मला पहिल्या आठवड्यात उमगले नाही.

त्यांच्यासोबत रोज सकाळी बाजारात जाऊ लागलो तेव्हा हळूहळू उमगू लागले. पहाटे अनवाणी भिक्षू भिक्षेला निघत आणि रस्त्याकडेच्या बायका गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात भात घालीत. दुकानासमोरच्या छोट्या देवघरात कोणीतरी लाल सरबताची बाटली नळी खोचून ठेवलेली असे. आठ वाजता राष्ट्रगीत लागले की माणसे जागच्या जागी थांबत, आणि हे गृहस्थही सायकलचा दांडा धरून ताठ उभे राहत. भाजीवाली त्यांना ‘लुंग’ म्हणे. लुंग म्हणजे आईवडिलांपेक्षा वयाने मोठा काका. ते मला म्हणाले की, त्यांच्या देशात त्यांना कोणीही नुसत्या नावाने हाक मारी, त्यात काही चूक नव्हती, पण आयुष्यात पहिल्यांदा वयाचा मान कानाला ऐकू आला तो इथे. पावतीवर बुद्ध संवत्सर २५६८ छापलेले पाहून दीक्षाभूमीच्या गावातून गेलेल्या मला तो बाजार तसाही फारसा परका वाटला नव्हता.

एके दिवशी ते एक कागद घेऊन निघाले आणि मलाही सोबत चला म्हणाले. तो त्यांचा हयातीचा दाखला होता. नेदरलँड्समध्ये १९५७ पासून प्रत्येक रहिवाशासाठी वृद्धापकाळाचे सरकारी निवृत्तिवेतन आहे; देशात ५० वर्षे वास्तव्य असेल तर ते पूर्ण मिळते आणि कमी पडलेल्या प्रत्येक वर्षामागे २ टक्के कापले जातात. हे गृहस्थ तरुणपणी ६ वर्षे दक्षिण आफ्रिकेत होते, म्हणून त्यांना १२ टक्के कमी मिळते. पैसे इतक्या दूर पाठवायचे तर माणूस जिवंत आहे की नाही हे तिथल्या सरकारला विचारावेच लागते, आणि त्या कागदावर ते थायलंडच्या सामाजिक सुरक्षा कार्यालयाचा शिक्का घेतात.

त्या कार्यालयात जे पाहिले ते मी विसरू शकत नाही. टेबलामागची पंचविशीतली मुलगी त्यांना पाहताच उठली, हात जोडून बाहेर आली, खुर्ची ओढून दिली आणि तिने आधी विचारले, “जेवलात का?” आपल्याकडे खेड्यात विचारतात तसेच. मग पासपोर्ट पाहिला, कागदावर शिक्का मारला, आणि तो दोन्ही हातांनी त्यांच्या हाती दिला. या साऱ्याला दहा मिनिटे लागली. तिथल्या सर्वच कचेऱ्या अशा असतील असे मी म्हणत नाही. परवाना वाढवायला गेलेल्या दिवशी अख्खी सकाळ बाकावर गेल्याचे त्यांनीच सांगितले होते.

आता नागपूरची गोष्ट. गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या ८३ वर्षांच्या मावशीला मी सहीसाठी बँकेत नेले. काकांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. यादी पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दोन ठिकाणी थांबत, कठड्याला धरून ती वर चढली. वर भिंतीला लागून चाळीसेक वृद्ध उभे होते आणि खुर्च्या चार. दीड तासाने नंबर लागला तेव्हा हात कापत असल्यामुळे सही जुळेना. कर्मचारी मान वर न करता म्हणाले, “अंगठा घ्या हिचा.” मावशी जुन्या काळची मॅट्रिक आहे. तिने अंगठा दिला, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि रात्री पदराने ती शाई पुसत बसली होती.

त्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. एका माणसाकडे शेकडो नावांची यादी आणि रोजचे कामही तेच. ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन दाखल्याची सोय २०१४ पासून आहे, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, हेही मला ठाऊक आहे. मावशीचा फोन मात्र साधा बटणांचा आहे आणि ज्या नातवाला हे जमते तो पुण्यात असतो. तिच्यासारख्यांना बँकेत यावेच लागणार.

म्हणून नागपुरातील सर्व बँकांच्या शाखा व्यवस्थापकांना आपल्या पत्रामार्फत माझी कळकळीची विनंती आहे की, या नोव्हेंबरात ती यादी तळमजल्यावर, दाराजवळच्या टेबलावर ठेवावी आणि समोर निदान दहा-बारा खुर्च्या मांडाव्यात. ८० वर्षांवरील व्यक्तींना सकाळची पहिली वेळ राखून द्यावी. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी एखादा कर्मचारी पाठवावा, आणि तशी सोय असल्यास शाखेच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे, कारण ती आहे हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीतच नसते. ज्यांचा हात कापतो त्यांना सहीसाठी दुसऱ्यांदा संधी द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीला शासनाच्या नव्या आदेशाची गरज नाही.

निवृत्त सहकाऱ्यांपैकी ज्यांना उभे राहता येते अशा आम्ही पाच जणांनी पहिल्या आठवड्यात आपापल्या शाखेत रोज दोन तास बसून यादीतले नाव शोधून द्यायचे ठरवले आहे. बँकांनी परवानगी द्यावी, एवढेच. मावशीला मी ३ तारखेला घेऊन जाणार आहे. गेला आठवडाभर ती जुन्या वहीत सही गिरवते आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
प्रतापनगर, नागपूर