पायावरची सूज, पेयांच्या याद्या आणि ताटातले मीठ

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून अंगात साठलेले पाणी घालवणाऱ्या पेयांच्या याद्या फिरू लागतात. जवाचे पाणी, धने-जिऱ्याचे पाणी, नारळपाणी, काकडी, टरबूज, दुधीचा रस ही त्यांतली ठरलेली नावे. मी परभणीत औषधांचे दुकान चालवतो आणि ‘पायावरचं पाणी उतरायची गोळी द्या’ ही मागणी सतत ऐकतो. त्यामुळे या याद्यांतून जे सुटते ते लिहिणे मला गरजेचे वाटते.

हे पदार्थ निरुपयोगी आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. अर्धापूरची केळी, जालन्याची मोसंबी, नारळपाणी यांतून पोटॅशियम चांगले मिळते आणि त्याच्या मदतीने मूत्रपिंडे जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात. पावसाळ्यात बांधावर पसरणारी घेटुळी, म्हणजेच पुनर्नवा, आयुर्वेदाने सुजेवर सांगितलेली आहे आणि तिची भाजीही केली जाते. परंतु शरीरात पाणी धरून ठेवते ते मुख्यतः मीठ, आणि ते ताटातून कमी झाले नाही तर वरून कितीही पेले रिचवले तरी फारसा फरक पडत नाही. सलाईनच्या 1 लिटरच्या बाटलीत 9 ग्रॅम मीठ असते, कारण आपल्या रक्तातील क्षारांशी जुळणारे प्रमाण साधारण तेवढेच आहे. म्हणजेच बाहेर न पडलेले तेवढे मीठ अंगात जवळपास लिटरभर पाणी अडकवून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी मीठ सुचवले आहे. आपल्याकडे ठेचा, लोणचे, खारोड्या, पापड (त्यातला पापडखारही सोडियमचाच) आणि संध्याकाळचा शेव-चिवडा एवढ्यातच ती मर्यादा सहज ओलांडली जाते.

मध्यंतरी एक मावशी दुकानात आल्या. नडगीवर बोट दाबले की खड्डा पडे आणि तो भरून यायला बराच वेळ लागे. सकाळी उपाशीपोटी जवाचे पाणी त्या न चुकता घेत होत्या, आणि दुपारी भाकरीबरोबर ठेचा व चांगले खारट ताक. मिठाचा विषय काढताच त्या म्हणाल्या, ‘सैंधवच वापरते की, साधं मीठ कवाच बंद केलंय.’ सैंधवातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पिशवीतून रक्तदाबाची अॅम्लोडिपिन निघाली, तिच्यामुळे घोट्यावर सूज येऊ शकते. शिवाय गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकही निघाली, जी मूत्रपिंडांना मीठ व पाणी रोखून धरायला लावते. पाणी उतरायची गोळी न देता मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हेही बजावून सांगितले.

याद्यांमधली दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत, किंवा जे स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) अथवा टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) यांसारखी औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांना रोजचे नारळपाणी घातक ठरू शकते, आणि पोटॅशियम घातलेले ‘लो सोडियम’ मीठ तर त्याहूनही. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळू नये. त्यातील विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावलेली आहेत.

एसटीच्या लांबच्या प्रवासाने किंवा दिवसभर उभे राहिल्याने आलेली आणि रात्री पाय उंचावर ठेवल्यावर उतरणारी सूज वेगळी. एकाच पायाला दुखरी सूज आली, सुजेबरोबर धाप लागू लागली, सकाळी उठताच डोळ्यांभोवती फुगवटा दिसू लागला किंवा गरोदर बाईचे हात-तोंड एकाएकी सुजून डोके दुखू लागले, तर काढे उकळत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आपणास विनंती अशी की, असे लेख छापताना मिठाचे प्रमाण यादीच्या आधी यावे, आणि मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या व रक्तदाबाच्या रुग्णांसाठीची सूचना शेवटच्या ओळीत बारीक टायपात न टाकता स्वतंत्र चौकटीत छापावी.

आपला,
एक औषधविक्रेता, परभणी