गार झाल्यावर माप

ती. मामा,

सा. न. वि. वि.

पत्र बघून आधी म्हणाल, हिचा फोन बिघडला का? फोन ठणठणीत आहे. पण फोनवर मी आभाराचा सूर लावला की तुम्ही "थांब, मामीला देतो" म्हणून निसटता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितेय. नाव टाकत नाही. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, वयाने मोठ्या प्रत्येकालाच मामा म्हणतात, त्यामुळे तुम्ही कुणाला सापडायचे नाहीत.

निमित्त असं झालं की गेल्या महिन्यात डिप्लोमाच्या मुलींशी बोलायला गेले होते. एकीने विचारलं, "मॅडम, मेंटॉर कसा शोधायचा?" घरून चांगली तयारी करून गेले होते, पण डोळ्यांपुढे आली ती तुमची ऑइलने काळी पडलेली नखं. तिथे नीट काही बोलता आलं नाही. ते आता लिहिते.

2011 चा मे महिना. मी बार्शीहून आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, मनपाच्या बसस्टॉपवरून भोसरीची बस पकडणारी. इन्स्पेक्शनला, म्हणजे मापं तपासायच्या कामाला, लागून तीन आठवडे झाले होते. ग्राइंडिंगवरून 40 शाफ्टचा, म्हणजे गोल पोलादी दांड्यांचा, लॉट आला. व्यास 100 मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते उणे 22 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या दिवशी ग्राइंडिंगला गार ठेवणाऱ्या कूलंटची धार बारीक झाली होती आणि डिस्पॅचवाला दर दहा मिनिटांनी डोकावत होता. मशीनवरून शाफ्ट उतरला की मी लगेच मायक्रोमीटर लावत होते. चाळीसच्या चाळीस ओके. हिरवे टॅग बांधले आणि बस पकडली.

माल न्यायची गाडी आली नाही, म्हणून वाचले. सकाळी तुम्ही सहज एक शाफ्ट उचलून मापलात. अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. दुसराही. सगळाच लॉट. सुपरवायझर सगळ्या शॉपसमोर काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्या वेळी एक शब्द काढला नाहीत. दुपारी मात्र त्यातलाच एक शाफ्ट मापून घेतलात, बाहेर पत्र्यावर उन्हात ठेवलात आणि तासाभराने फडक्यात धरून माझ्यासमोर आणलात. "आता माप." तोच शाफ्ट फुगलेला. पोलाद मीटरमागे, अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. 100 मिलिमीटरला वीस अंशांचा फरक म्हणजे 23 मायक्रॉन. माझा अख्खा टॉलरन्स 22 चा! तुम्ही एवढंच म्हणालात, "लोखंड तापलेलं असताना खोटं बोलतं. गार झाल्यावर माप."

पण मी तुमच्या मागे लागले ते या वाक्यामुळे नाही. नंतर तुम्ही कपाटाचा खालचा खण उघडून एक प्लग गेज, भोकाचं माप तपासायची खुंटी, काढलंत, धारेवर घासलं गेलेलं, कामातून गेलेलं. "हे माझं. अप्रेंटिस होतो तेव्हाचं." इतकी वर्षं तुम्ही आपली चूक तेल लावून जपून ठेवली होती. मुलींनो, माणूस निवडायचा तर आधी हा खण बघा. ज्याच्याकडे दाखवायला फक्त ट्रॉफ्या आहेत, त्याला टाळ्या द्या आणि पुढे चला.

खरं सांगायचं तर तुमच्याआधी मी दुसऱ्याच माणसाला गुरू करून बसले होते. एसी केबिनमधले साहेब. बोलणं गोड. "तुझ्यात स्पार्क आहे," म्हणायचे. दोनदा कॉफी पाजली. पण त्यांचा प्रत्येक सल्ला फिरून गुरुवारच्या सुट्टीला कामावर ये, इथेच येऊन थांबायचा. पगारवाढीचं विचारलं तर म्हणाले, "या वयात शिकण्याकडे बघावं." सल्ला मोफत असला तरी त्यातून देणाऱ्याला काय मिळतंय हे तपासावं, एवढं मी तिथे शिकले. तुम्हाला माझ्या राहण्यातून काही मिळत नव्हतं, जाण्यातूनही नाही. उलट मी गेल्यावर तुमच्या डोक्यावर पुन्हा नवीन ट्रेनी बसणार होता.

त्या भाषणाची तयारी करताना एक गोष्ट वाचली होती, ती तुम्हाला आवडेल. 1896 मध्ये गांधीजी पुण्यात आले होते, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय लोकांची बाजू मांडायला. टिळकांना भेटले, भांडारकरांना भेटले आणि फर्ग्युसनच्या आवारात गोखल्यांना भेटले. पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की मुंबईचे फिरोजशहा मेहता त्यांना हिमालयासारखे वाटले, टिळक समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे. हिमालय चढवत नाही, समुद्रात होडी घालायला धीर होत नाही, गंगेत मात्र उतरता येतं. थोरवी तिघांचीही मानली, पण गुरू केलं ज्याच्यात उतरता आलं त्याला. आणि त्याच गोखल्यांनी 1915 मध्ये त्यांना काय सांगितलं, तर वर्षभर देश हिंडा, बघा, ऐका, जाहीर मतं देऊ नका. तुम्हीही मला पहिले सहा महिने हेच सांगितलं होतं, जरा कमी सभ्य भाषेत.

"माझे मेंटॉर व्हा" असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही चहा अर्धा टाकून उठला असता. मी फक्त रोज एक अडलेली गोष्ट घेऊन यायचे. डायल का सरकतो, रीडिंग दोघांचं वेगळं का येतं. मोघम प्रश्नाला तुम्ही मोघम "हं" करायचात, नेमक्या प्रश्नाला जेवणाची सुट्टी द्यायचात. आणि नियम एकच, "आधी तुझं रीडिंग वहीत लिही, मग माझं बघ." त्या वेळी राग यायचा. सरळ सांगायला काय जातं यांचं?

हाच नियम तुम्ही 2014 मध्ये पुन्हा लावलात. चाकणच्या कंपनीची ऑफर होती, पगार जवळजवळ दीडपट, आणि दुसरीकडे चिंचवडची छोटी कॅलिब्रेशन लॅब, मापाची साधनंच तपासणारी. लांडेवाडीच्या टपरीवर मी विचारलं, काय करू? "तुझं लिही." मी बसच्या तिकिटामागे 'लॅब' लिहिलं. तुम्ही वाचलंत, घडी करून खिशात टाकलंत, बोलला नाहीत. तुमचं रीडिंग चाकण होतं, हे मला दोन वर्षांनी मामींकडून कळलं. तेव्हा सांगितलं असतंत तर मी चाकणला गेले असते, नक्की.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं नाही. सीएमएमला, म्हणजे कॉम्प्युटरवर मापं घेणाऱ्या मशीनला, तुम्ही बराच काळ 'ती खेळणी' म्हणत होतात. पण मला ते शिकायचंय म्हटल्यावर "मला यातलं येत नाही" असं सरळ सांगून तुमच्या निम्म्या वयाच्या मुलाकडे घेऊन गेलात, आणि स्वतःही स्टूल ओढून बसलात. मी लाजले होते. तुम्ही नाही.

आणि एक. शॉपमध्ये मी एकटी मुलगी होते आणि बाथरूमला आतून कडी नव्हती. कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. एका सकाळी कडी बसलेली दिसली, नवीकोरी, स्क्रू एका रेषेत. शॉपमध्ये सगळ्यांचे स्क्रू तसे एका रेषेत नसतात, मामा. तुम्ही आजवर विषय काढला नाहीत, म्हणून मीही काढला नव्हता.

सुपरवायझरशी भांडून मी राजीनामा लिहून आणला, तेव्हाही तुम्ही तो न वाचता परत दिलात. गार झाल्यावर माप. तीन दिवसांनी मीच फाडला.

आता कामाचं. गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, असं पुढे ढकलताय, हे मामींनी सांगितलं. 'गार झाल्यावर' हा नियम गुडघ्याला लागू नाही. गुरुवारी येतेय. डॉक्टरांची तारीख घेतल्याशिवाय उठणार नाही, आणि या वेळी चहाचे पैसे मी देणार.

तुमची,
बार्शीची पोरगी