पाय सुधारतोय, आणि मी पुन्हा खेळणार आहे

हिवरीनगर, नागपूर
मारबतीचा दिवस

ती. आई-बाबांस,
सविनय जयभीम.

फोनवर आईचा आवाज भरून येतो, मग बाबा फोन घेतात, "बरं, जप" म्हणतात आणि सांगायचं ते तसंच राहतं. आज मारबतीच्या मिरवणुकीमुळे इतवारीतलं आमचं दुकान बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसले. बाबांना वाचताना डोळ्याचा त्रास होईल, तर आई, तू मोठ्यानं वाच. पण मधलं काही गाळू नकोस.

आधी रोलर डर्बी खेळताना मोडलेल्या पायाचं सांगते. प्लास्टर निघालं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाड असतं, फिब्युला, त्याचं खालचं टोक तडकलं होतं. तुकडा जागेवरून सरकला नव्हता म्हणून ऑपरेशन, प्लेट, स्क्रू यातलं काही लागलं नाही. नव्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय. पण प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला पाय पाहून मला रडू आलं. पोटरी उतरलेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि घोटा वर-खाली करावा म्हटलं तर हलायलाच तयार नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, असंच होतं, आता मेहनत तुझी. तेव्हापासून रोज सकाळी फरशीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी ओढत गोळा करते, रबरी पट्टा पंजाला अडकवून ताणते, आणि चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट टेकवून त्या एका पायावर उभी राहते. आधी पाय नुसता थरथरायचा. आता चहा होतो तरी मी उभी असते.

कुबड्या परत केल्या. मेट्रोला लिफ्ट आहे, त्यामुळे वैष्णोदेवी चौकातून चितार ओळीला जायला अडचण येत नाही. तिथून पुढे दुकानापर्यंत मात्र हळू चालते.

आता पैशांचं, कारण आईनं भिशीचे पैसे पाठवायचं काढलंय. आई, ते पाठवू नकोस. का, ते पुढे लिहिते.

बाबा, माझ्या पगारातून ई.एस.आय.चे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कापतात ते कशाचे, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर ते लागू होतं. माझ्याकडून 0.75 टक्के जातात, म्हणजे 19,000 वर 143 रुपये, आणि शेठ 3.25 टक्के भरतात. पहिल्या दिवशी घाईत जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं होतं, तिथला एक्स-रे आणि कच्चं प्लास्टर एवढाच खर्च खिशातून झाला. पुढचं सगळं सोमवारी क्वार्टरच्या ई.एस.आय. हॉस्पिटलमध्ये झालं. पक्कं प्लास्टर, औषधं, नंतरचे एक्स-रे, फिजिओथेरपी, कशाचेच पैसे द्यावे लागले नाहीत. शिवाय डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं की घरी बसलेल्या दिवसांची मजुरी 70 टक्के दरानं बँकेत जमा होते, वर्षात 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत. कामावर पडलं तरच मिळतं असं दुकानातल्या सगळ्यांना वाटत होतं, पण तसं नाही. खेळताना पडलेल्या माणसालाही आजारपणाचा भत्ता मिळतो, फक्त आधीच्या सहामाहीत पुरेसे दिवस वर्गणी भरलेली हवी. माझी होती. बँकेत वर्षाला 20 रुपये कापून जो अपघात विमा असतो, त्याचं बाबांनी विचारलं होतं. त्यातून असल्या फ्रॅक्चरचे पैसे मिळत नाहीत. तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर आहे.

म्हणजे 30 टक्के तूट पडली, आणि रविवारी लहान मुलांना स्केटिंग शिकवून जे मिळायचे ते थांबले. ही दुसरी तूट जास्त टोचली, कारण माझा खेळ त्याच पैशांवर चालतो. पगारातला रुपया मी डर्बीला लावत नाही, हे मी नोकरी लागली तेव्हाच ठरवलं आणि आजवर पाळलंय. खोलीचं भाडं तिघींत 7,500 आहे, माझे 2,500. डबा बंद केला, आम्ही तिघी आळीपाळीनं स्वयंपाक करतो. वरण-भात, झुणका, फोडणीची खिचडी. उपाशी कोणी झोपत नाही, आई.

तू दर वेळी म्हणतेस, "हा कोनता खेळ वं बाई, नुसतं पडनंच पडनं!" तर एकदा नीट समजून घे. चाकांचे बूट, पुढे दोन आणि मागे दोन चाकं. लंबगोल ट्रॅकवर दोन संघ एकाच दिशेनं फिरतात, दोन्हीकडच्या पाच-पाच जणी. पाचांतली एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदणी असते. बाकी चौघी ब्लॉकर. जॅमरनं गर्दीतून वाट काढून पुढे जायचं, फेरी मारून परत यायचं, आणि त्यानंतर समोरच्या संघातल्या जितक्या जणींना ओलांडेल तितके गुण. बाबा, कबड्डीत चढाई करणारी एकटी आत घुसते ना, तशी ही जॅमर. फरक एवढाच की इथे दोन्ही संघांच्या चढाया एकदमच चालू असतात, त्यामुळे ब्लॉकरला आपलीला वाट करून द्यायची असते आणि त्याच क्षणी समोरचीला अडवायचं असतं. असा एक जॅम जास्तीत जास्त 2 मिनिटांचा, आणि सामना 30-30 मिनिटांच्या दोन भागांत. खांद्यानं, कमरेनं धक्का दिलेला चालतो. कोपर मारलं, पाठीत ढकललं, डोक्याला लावलं, पाय घालून पाडलं तर 30 सेकंद बाहेर. सात वेळा बाहेर बसलीस की सामन्यातून गेलीस. नियमांशिवायची मारामारी यात कुठेही नाही.

मी ब्लॉकर आहे. बुटकी आणि रुंद बांध्याची म्हणून शाळेच्या स्पीड स्केटिंगमध्ये मी कायम मागे राहायचे. इथे कोच म्हणतात, हिला हलवणं कठीण. गुडघे वाकवून, कंबर खाली घेऊन मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले की अंगात जो जोर येतो तो मला दुसरीकडे कुठेच येत नाही. दिवसभर मी इतवारीत दुसऱ्यांची बिलं टॅलीत भरते. काम चांगलं आहे, शेठ माणुसकीचे आहेत. पण ते माझं पोट भरतं, आणि हे मला हवं आहे.

आणि हे श्रीमंतांचं खूळ नाही. 1935 साली शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या माणसानं हा प्रकार सुरू केला, तेव्हा अमेरिकेत मंदी होती आणि लोकांच्या हाताला काम नव्हतं. नंतर तो मागे पडला. 2000 नंतर टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी तो नव्यानं उभा केला, स्वतःच नियम केले, स्वतःच क्लब चालवले. अजूनही बहुतेक ठिकाणी खेळाडू नोकरी सांभाळून, महिन्याची वर्गणी काढून खेळतात. आपल्याकडे स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत आता डर्बी असते. आमचा सराव चालतो तो सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर. पुरा ट्रॅक त्यात मावत नाही, रुंदी कमी पडते, म्हणून खडूनं छोटा आखतो. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन तापायच्या आत, पहाटेच उरकतो.

बूट मी एका ताईकडून जुने घेतले, 6,000 रुपयांना, हप्त्यांनी. हेल्मेट मात्र नवंच घेतलं. जुन्या हेल्मेटला आतून तडा गेलेला असला तर वरून दिसत नाही, तिथे काटकसर करायची नाही. बाबा, चाकांत 608 नंबरचं बेअरिंग असतं. आत 8 मिलिमीटर, बाहेर 22. एका जोडीला आठ चाकं, म्हणजे सोळा बेअरिंग. स्केटिंगच्या दुकानात नावाचे पैसे घेतात, बेअरिंगच्या दुकानात साधं मिळतं. पाय उशीवर ठेवून बसले होते तेव्हा सगळी काढली. वरची पत्री सुईनं उचकटली, पेट्रोलमध्ये खळबळून काळं पाणी गेलं, कापडावर सुकवली आणि एकेक थेंब मशीनचं तेल सोडलं. ओली असताना फिरवायची नाहीत आणि तेल जास्त घातलं की धूळ धरते, हे डेपोत तुम्ही शिकवलेलं. दोन खरखरत होती ती बदलली. बाकीची गुळगुळीत फिरतात.

लागलं कसं तेही सांगते, म्हणजे आई मनानं काहीबाही रचणार नाही. गर्दीत माझं चाक दुसरीच्या चाकात अडकलं. अंग वळलं, बूट तिथेच राहिला. गुडघे, कोपर, मनगट, दात, डोकं, सगळ्याला संरक्षण होतं. घोट्याला नसतं. कोणी मुद्दाम पाडलं नाही. मुलींनी लगेच खेळ थांबवला, मला उचलायची घाई केली नाही, बूट ओढून काढला नाही. एकीचे बाबा ऑटो चालवतात, ते दहा मिनिटांत आले. नंतर आठवडाभर कोणी ना कोणी जेवण आणून दिलं, आणि त्यातल्या दोघींची स्वतःची परिस्थिती माझ्यापेक्षा ओढीची आहे. या मुलींना तुम्ही एकदा भेटावं असं मला फार वाटतं.

शेजारच्या काकू "आता या पोरीच्या लग्नाचं काय" म्हणाल्या, हे आईनं रडत सांगितलं. माझा पाय लंगडा नाही आणि होणारही नाही. आणि पाय बघून जो नकार देईल त्याच्या घरी तू मला देणार आहेस का? हा विषय मी इथेच सोडते.

परत कधी खेळणार, तर दोन गोष्टी झाल्याशिवाय नाही. एक पायाची. दुखऱ्या पायाच्या एकट्या चवड्यावर वर-खाली, न थांबता पंचवीस वेळा. त्या पायावर लंगडी घालता आली पाहिजे, जिना उतरताना दुखायला नको. मॅडमनी हो म्हटल्यावर आधी नुसतं स्केटिंग, धक्का नाही. दुसरी गोष्ट बँकेची. दोन महिन्यांचं भाडं, किराणा आणि येण्याजाण्याचे पैसे बाजूला पडेपर्यंत मी धक्क्याच्या सरावात उतरणार नाही. पाय आधी बरा झाला तरी थांबेन. या वर्षी बाहेरगावच्या स्पर्धेला जाणार नाही, ते कोचना सांगून झालंय. तोवर स्टॉपवॉच घेऊन खुर्चीत बसते आणि शिक्षेवर आलेल्या मुलींचे 30 सेकंद मोजते. पावसाचे दिवस आहेत, त्यामुळे कोर्ट कोरडं असेल तेव्हाच, पण जाते. रविवारची लहान मुलंही पुढच्या महिन्यापासून परत येतील. त्यांना पहिले काही दिवस पडायलाच शिकवायचं असतं: गुडघ्यावर जायचं, अंग आवळायचं, मुठी मिटायच्या म्हणजे बोटांवरून कोणाचं चाक जात नाही. ते मला बसूनही सांगता येईल.

आता भिशीचं. ते पैसे बाबांच्या डोळ्यासाठी राहू द्या. सेवाग्रामच्या हॉस्पिटलात जायचं तुम्ही दोन वर्षं पुढे ढकलताय. मोतीबिंदू पिकू द्यायची वाट बघावी लागत नाही, आता तसं कोणी करत नाही. जायचा-यायचा खर्च, चष्मा, आईचं तिथे राहणं, सगळं त्यात भागेल. आणि अजून एक. आई-वडिलांचं एकूण उत्पन्न महिना 9,000 च्या आत असेल आणि ते आपल्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं माझ्या ई.एस.आय. कार्डावर चढवता येतात. बाबांची पेन्शन त्याच्या कितीतरी आत आहे. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, पाय मोडला म्हणून हॉस्पिटलच्या खिडकीवर कळलं. फॉर्म ऑनलाइन भरायचा आहे, मी भरते.

दसऱ्याला दीक्षाभूमीला येणारच आहात. येताना दोघांची आधार कार्डं, बाबांचं पेन्शनचं बँक पासबुक आणि पासपोर्ट साइज फोटो आणा. त्या गर्दीत परत फिरायची घाई करू नका, दोन दिवस माझ्याकडे राहा. मैत्रिणी सुट्टीला घरी जाणार आहेत, खोली मोकळी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टावर सराव आहे, मी तुम्हाला नेईन. बाबांनी माझी बेअरिंग एकदा हातात घेऊन फिरवून बघावीत. आर्वीहून कोणत्या बसनं निघताय ते आदल्या दिवशी कळवा, मी बसस्टँडवर येते.

तुमची,
प्रज्ञा