मुलांना पुस्तक कसं वाटलं ते मुलांनाच विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'आजची मुलं वाचत का नाहीत' यावर चौघांची मतं छापून आली होती. चौघंही अभ्यासू माणसं, त्यांचं म्हणणं मी दोनदा वाचलं, कोणी मोबाईलवर बोट ठेवलं होतं, कोणी इंग्लिश मीडियमवर, कोणी आईवडिलांवर, पण अख्ख्या पानात एकाही मुलाला विचारलेलं नव्हतं की बाबा तू सध्या काय वाचतोयस आणि ते तुला कसं वाटतंय. ते मला फार लागलं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वर्तमानपत्राला पत्र लिहितेय.

मी गडहिंग्लजला एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, अकरा वर्षं झाली. मुलं वाचत नाहीत हे माझ्या टेबलावरून तरी खरं दिसत नाही. दिसतं ते असं की मूल सातवीपर्यंत बालविभागात येतं, खाली मांडी घालून बसतं, आणि आठवीत गेलं की त्या बुटक्या कपाटांपाशी जायला लाजायला लागतं. मग मोठ्यांच्या कादंबऱ्यांसमोर उभं राहतं, पाचशे-सहाशे पानांचं एखादं जाडजूड पुस्तक काढतं, मागचं पान वाचतं, परत ठेवतं, आणि दोन-तीन खेपा असं झालं की यायचंच बंद होतं. आमच्या दाखल नोंदवहीत पण 'बाल' आणि 'कादंबरी' असे दोनच प्रकार, मधलं काहीच नाही. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात ह्या मधल्या वयाचं वेगळं कपाट असतं, यंग ॲडल्ट म्हणतात त्याला. आपल्याकडं 'कुमार' हा किती चांगला शब्द आहे, पण तो कपाटावर लावलेला मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी मिलिंद बोकिलांची 'शाळा' परत करायला आली आणि काकू एक बोलू का म्हणून जी सुरू झाली ती थांबेचना. मागं लाईन लागली, पेन्शनर मंडळी कुरकुरायला लागली. मी ड्रॉवरमधली दोनशे पानी वही तिच्यापुढं सरकवली, म्हटलं बाई सगळं ह्यात लिही, मी दुपारी निवांत वाचते. तिनं उभ्या उभ्या दीड पान लिहिलं. तिचं म्हणणं असं की पुस्तक आणीबाणीच्या काळातलं असलं तरी वर्ग आमच्या वर्गासारखाच आहे, हसून हसून पोट दुखलं, फक्त जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते नीट कळतच नाही कारण सगळं जोशीच सांगतो, तर हीच गोष्ट शिरोडकरनं सांगितली असती तर कशी झाली असती? ही कादंबरी २००४ची, मी तीनदा वाचलीय, तिच्यावर छापून आलेलं पण बरंच वाचलंय, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता.

चार दिवसांनी तिच्या खाली दहावीतल्या एका मुलानं पेन्सिलनं लिहिलं, जोशीलाच कळत नाही तर तो सांगणार कसं, आपल्याला तरी कुठं कळतं. तिनं त्याच्या खाली परत लिहिलं, मग विचारायचं. बास, तेव्हापासून वही टेबलावरच राहिली, दोऱ्यानं पेन बांधलंय, आता तिसरी वही चालू आहे.

'वनवास'चं तर सांगायलाच पाहिजे. प्रकाश नारायण संतांचं हे १९९४चं पुस्तक, लंपन नावाच्या पोराचं, आहेत खरं तर कथा पण मुलं त्याला कादंबरीच म्हणतात आणि मी सुधारत बसत नाही. आमच्या प्रतीच्या मागच्या चिठ्ठीवर सहा वर्षांत तारखेचे दोन शिक्के होते, फक्त दोन. आणि मी ते पुस्तक किती जणांच्या हातात दिलं असेल, घे बाळा छान आहे म्हणून, पण पोरं नम्रपणे परत ठेवायची. मग एका मुलानं वहीत पाच ओळी लिहिल्या की हा लंपन आमच्या आजीच्या गावाकडच्यासारखा बोलतो, मधेच कानडी येतं, मोठमोठे आकडे सांगतो आणि सगळ्यालाच मॅड म्हणतो, मला वाटलेलं पुस्तकात असं बोललेलं चालत नाही. आता आमचा भाग सीमेवरचा, इथं कितीतरी घरांत आजी कानडीत बोलते आणि नातवंडं मराठीत उत्तर देतात, आणि त्याच पोरांनी वर्गात बोलताना हेल काढला की बाकीची हसतात. त्या पाच ओळींनंतर चार महिन्यांत चिठ्ठीवर सात शिक्के पडले. पोरं लंपनचंच पुढचं 'शारदा संगीत' मागायला लागली, आमच्याकडं नव्हतं, मी कोल्हापूरला गेले तेव्हा घेऊन आले.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून, म्हणजे फुरसुंगीच्या त्या भानगडी शोधून काढणाऱ्या पोरावरून, वहीत दोन तट आहेत. जुना वाटतो, कंटाळा आला असं लिहिणारी मुलं आहेत आणि ते लिहायला मी त्यांना कधी अडवलं नाही. पण एकानं लिहिलंय की मोबाईल नाही म्हणूनच मजा येते, फेणेला प्रत्येक ठिकाणी सायकल मारत स्वतः जाऊन बघावं लागतं, फोन असता तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपली असती. आणि दुसऱ्याचा मामा हडपसरला, तो लिहितो की फुरसुंगी म्हणजे पुण्याचा कचरा डेपो आहे तेच ना, मग आत्ताच्या फुरसुंगीतला पोरगा असता तर त्यानं पहिला शोध कचऱ्याच्या भानगडीचाच लावला असता! संपादक साहेब, मला ही एका अख्ख्या कादंबरीची कल्पना वाटते, कुणी लिहिणाऱ्यानं मनावर घ्यावं.

इंग्रजीतलं पण येतं. 'हंगर गेम्स' एका मुलीनं पुण्याच्या मावसबहिणीकडून आणून वाचलं, डिक्शनरी शेजारी घेऊन, दीड महिना लागला. त्यातली कॅटनिस जीवघेण्या खेळात धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः पुढं होते तेवढी पानं तिनं चारदा वाचली आणि लिहिलं की माझं आणि ताईचं रोज भांडण होतं पण हे वाचल्यावर रात्री मी तिच्या अंथरुणात जाऊन झोपले. शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या, चार बहिणींच्या 'चौघीजणी'वर तर आई आणि मुलगी दोघींची मतं एका पानावर आहेत. त्यातल्या ज्योनं मित्राला, लॉरीला, लग्नाला नाही म्हटलं ते आईला आजही पटत नाही आणि मुलीला पटतं, मुलीनं कारण दिलंय की मैत्री चांगली होती, ती का घालवायची. आजारपणात जाणाऱ्या बहिणीचं, बेथचं, मात्र दोघींनी काहीच लिहिलं नाही, नुसतं नाव लिहून पुढं टिंबं टिंबं.

हे सगळं मी एवढं का सांगतेय, तर ह्याच मुलांना शाळेत पुस्तक परीक्षण लिहायला असतं आणि ते लिहायला ती माझ्याकडंच येतात. लेखकाचा परिचय, मुख्य पात्रं, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध, असे चार मथळे ठरलेले. वहीत दीड पान लिहिणारी तीच मुलगी परीक्षणात 'या पुस्तकातून आपल्याला मैत्रीचे महत्त्व समजते' असं लिहिते, बऱ्याचदा मोबाईलवर बघून उतरवते, कारण तिला पक्कं माहितेय की मोठ्यांना हेच हवंय. तिच्या बाईंना मी दोष देणार नाही, साठ-पासष्ट पोरांच्या वह्या तपासायच्या म्हणजे मथळे लागतातच. पण बोध म्हटलं की मुलाचं पुस्तकाशी जे काही चाललेलं असतं ते तिथंच थांबतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कंटाळा आला, राग आला, रडू आलं, शेवट पटला नाही, हे लिहायला त्या चार मथळ्यांत जागाच नाही.

एक वाईट गोष्ट पण घडली ती लपवत नाही. एका मुलीच्या वडिलांनी 'शाळा'ची पानं चाळली, त्यातलं मुलांचं आपसातलं बोलणं वाचलं, आणि असली पुस्तकं मुलांना देता का म्हणून टेबलावर येऊन बोलले. मी म्हटलं दादा तुम्ही आधी पूर्ण वाचा, मग बोलू. त्यांनी वाचलं नाही. मुलीचं कार्ड बंद करून अनामत परत नेली. त्यांची काळजी मला कळते, मी पण आई आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलीला वर्गात, रिक्षात, रस्त्यावर जे कानावर येतंच ते कादंबरीत आलं तर तिला त्यावर विचार तरी करता येतो. ती मुलगी वहीत फार सुंदर लिहायची. तिचं शेवटचं अर्धं पान अजून तसंच आहे, पुढचा भाग नंतर असं लिहिलेलं.

आणि पुस्तकं नाहीत असंही नाही हो. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते, त्यात मराठीत गेल्या काही वर्षांत कादंबऱ्याच कितीतरी आहेत, २०१९ला सलीम मुल्लांची 'जंगल खजिन्याचा शोध', २०२१ला संजय वाघांची 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ला संगीता बर्व्यांची 'पियूची वही', २०२४ला भारत सासण्यांची 'समशेर आणि भूतबंगला'. पुरस्काराच्या दिवशी चौकटीत बातमी येते, फोटो येतो, आणि नंतर ते पुस्तक वाचून एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाला काय वाटलं हे कुठंच वाचायला मिळत नाही. लिहिणाऱ्याला तरी ते कसं कळणार? माझ्या वहीत मुलं मागतात ते बघा, क्लासच्या टेन्शनची गोष्ट मागतात, हॉस्टेलवर पहिल्यांदा राहायला गेलेल्या मुलीची, ऊसतोडीला आईबाप गेल्यावर मागं राहिलेल्या पोराची, पाळी आल्यावर कुणाशी बोलायचं त्याची. एकानं नुसतं लिहिलंय, काकू गावातलीच भुताची पाहिजे, पण खरी भीती वाटणारी.

तर माझी मागणी साधी आहे. रविवारच्या पुरवणीत आठवड्याला अर्धा कॉलम द्या, तेरा ते सतराच्या मुलांनी सध्या वाचत असलेल्या कादंबरीवर लिहिलेलं छापायला, शंभर शब्द पण पुरेत. मराठी असो, अनुवाद असो, इंग्रजी असो, नवं असो की आजोबांच्या ट्रंकेतलं. पुस्तक आवडलं नाही असं लिहिलेलं पण छापा, ते तर आधी छापा. बक्षीस ठेवू नका, बक्षीस ठेवलं की आईबाबा लिहून देतील. अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर लिहिलं तरी चालेल म्हणून सांगा, कुठल्या पानावर सोडलं आणि का, हे लेखकांना आणि आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडेल. आणि कृपा करून भाषा सुधारू नका, एखादी वेलांटी चुकली तर ती नीट करा, पण 'लई भारी' लिहिलं असेल तर त्याचं 'अतिशय उत्कृष्ट' करू नका.

सुरुवातीला साहित्य कुठून आणायचं असा प्रश्न असेल तर मी वहीतली सहा पानं झेरॉक्स करून सोबत जोडलीयेत. मुलांना आणि त्यांच्या घरी विचारलंय, सगळ्यांची परवानगी आहे, नावं तेवढी झाकलीयेत. चौथ्या पानावर कोपऱ्यात चहाचा डाग आहे तो माझा. सहावं पान भुताची गोष्ट मागणाऱ्या मुलाचं आहे, तो रोज संध्याकाळी येऊन विचारतो की काकू पेपरवाल्यांना पत्र पाठवलं का.

आपली,
एका वाचनालयाची ग्रंथपाल, गडहिंग्लज