दाट लिक्विड म्हणजे जोरदार लिक्विड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भांडी घासण्याचे लिक्विड घरी तयार करण्याची कृती प्रसिद्ध झाली होती. आमच्या भागातील बचत गटाच्या महिलांनी तिचे कात्रण जपून ठेवले आणि त्याबरहुकूम ५० लिटरचा घाणा केला. मिश्रण दाट होईपर्यंत मीठ घालत राहावे आणि लिक्विड जितके दाट तितके ते जोरदार, अशी दोन विधाने त्या कृतीत आहेत. दोन्ही चुकीची आहेत. मी रसायनशास्त्राची निवृत्त अध्यापिका असल्याने फसलेला घाणा माझ्याकडे आला, म्हणून हे पत्र.

लिक्विडमधील एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) या मळ काढणाऱ्या मुख्य द्रव्याचे रेणू पाण्यात आपोआप एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात. त्यांची पाणी धरणारी टोके ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. मिठातील सोडियममुळे हे लोटणे कमी झाले की रेणू अधिक दाटीने बसतात आणि गोळ्यांऐवजी केवळ चार-पाच नॅनोमीटर जाडीचे, पण त्याच्या शेकडो पट लांब वाढू शकणारे लवचीक धागे तयार होतात. हे धागे एकमेकांत अडकले की पाण्यासारखे मिश्रण मधासारखे वाहू लागते. प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या, म्हणजे रेणूंच्या लांब, पक्क्या साखळीपेक्षा त्यांची जात निराळी आहे, कारण ते सतत तुटतात आणि दुसऱ्याच धाग्याला जोडले जातात. म्हणून त्यांना ‘जिवंत पॉलिमर’ म्हणतात, आणि धागे गुंत्यातून सरपटत सुटल्याने व तुटल्याने मिळून त्यांचा ताण कसा सैल होतो, याचा सिद्धांत भौतिकशास्त्रज्ञ मायकेल केट्स यांनी १९८७ मध्ये मांडला. आमच्या प्रयोगशाळेत सीटॅब (एसएलईएससारखेच गोळे बनवणारे द्रव्य) आणि सोडियम सॅलिसिलेट (एक क्षार) यांची पाण्यासारखी पातळ द्रावणे एकत्र केली की अंड्याच्या पांढऱ्यासारखे मिश्रण होई, आणि चंचुपात्र गरकन फिरवून थांबवले की आतले बुडबुडे चक्क उलटे मागे येत. विद्यार्थी तेवढ्यासाठी तासाला बसत.

आता मिठाविषयी. मीठ वाढवत गेल्यास दाटपणा शिखर गाठतो आणि त्यानंतर उतरू लागतो, कारण धाग्यांना फांद्या फुटतात आणि या फांद्यांचे जोड धाग्यांवरून सरकू शकत असल्याने गुंता सहज सैल पडतो. मीठ आणखी वाढले तर मिश्रण गढूळ होऊन त्याचे थरही पडतात. आमच्या घाण्यात नेमके हेच झाले: संध्याकाळी मिश्रण कोमट होते, म्हणून पातळ दिसत होते (उष्णतेने धागे आखूड होतात), दाट होईना म्हणून आणखी दोन मुठी मीठ पडले, आणि सकाळी पिंपात पाणचट, धुरकट पाणी होते. अशा वेळी मीठ न घालता थोडे साधे पाणी किंवा एसएलईएसच्या पेस्टचे (लिक्विडच्या मूळ कच्च्या मालाचे) द्रावण घालावे. त्याने मिठाचे प्रमाण उतरते आणि बहुतेक वेळा दाटपणा परत येतो. आम्ही तसेच केले. खरे तर मीठ आधी पाण्यात विरघळवून, थंड झालेल्या मिश्रणाच्या एका पेल्यावर थेंबाथेंबाने अजमावावे आणि मगच पिंपाला हात लावावा.

पेस्टचीही गंमत आहे. बाजारात मिळणाऱ्या सुमारे ७० टक्क्यांच्या पेस्टमध्ये रेणूंचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि ते घसरत असल्याने पेस्ट ओतता येते. तीत पाणी घालून प्रमाण साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणले, तर ती पातळ होण्याऐवजी घट्ट होते, कारण तेथे धागे मोळीतल्या बांबूंसारखे षटकोनी रचनेत शेजारी शेजारी बसतात. पेस्टवर पाणी ओतल्यावर होणाऱ्या न विरघळणाऱ्या गुठळ्या त्याच असतात. म्हणून पेस्ट पाण्यात थोडी थोडी सोडून हळू ढवळावी. कृतीत नेमका उलटा क्रम छापला आहे.

मिठाने दाट केलेल्या लिक्विडमध्ये साबणाचा अंश वाढत नाही, त्यामुळे बाटली तिरपी करून जोर जोखता येत नाही. साबणाचा अंश किती टक्के आहे, हेच विचारावे लागते. त्या कृतीवर अनेक गट विसंबून असावेत, तेव्हा मिठाची मर्यादा आणि पेस्ट मिसळण्याचा क्रम या दोन दुरुस्त्या येत्या रविवारच्या पुरवणीत छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, पुणे